दारूविषयीचा प्रश्न दवाखान्यात नीट विचारला जावा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

दारूबंदी, बनावट दारू, मद्यपी वाहनचालक, ३१ डिसेंबरचा बंदोबस्त या विषयांवर आपल्या दैनिकात सातत्याने बातम्या आणि लेख येतात. दारूशी संबंधित एक प्रश्न मात्र क्वचितच छापून येतो, आणि तो डॉक्टरांच्या टेबलासमोरचा आहे. रुग्ण दारू घेतो का, घेत असल्यास किती आणि शेवटची कधी घेतली, हे आपल्याकडे कसे विचारले जाते आणि रुग्ण त्याचे काय उत्तर देतो, याविषयी मी हे पत्र लिहीत आहे. परिचारिका म्हणून सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांत नोकरी करून मी निवृत्त झाले आहे आणि त्यातली बरीच वर्षे हाडांच्या वॉर्डात गेली. आज ज्या रीतीने हा प्रश्न विचारला जातो, त्या रीतीने खरे उत्तर मिळणे जवळपास अशक्य आहे आणि त्याचा भुर्दंड रुग्णालाच सोसावा लागतो, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

ओपीडीत साधारण काय घडते ते पाहावे. टेबलाभोवती पुढच्या पाच-सहा रुग्णांचा घोळका उभा असतो. रुग्णासोबत बायको, मुलगा, कधी सासुरवाडीचे कोणी असते. डॉक्टर केस पेपरवर लिहिता लिहिता, मान वर न करता, ‘बीपी आहे? शुगर आहे? काही व्यसन?’ असे एका दमात विचारतात. रुग्ण ‘नाही’ म्हणतो, फार तर ‘कधीतरी, सणासुदीला’ म्हणतो. बायको काहीतरी बोलायला तोंड उघडते, तेवढ्यात नवऱ्याची नजर तिच्याकडे वळते आणि ती गप्प बसते. कागदावर ‘क्वचित’ असे लिहिले जाते आणि पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले जाते. चारचौघांत विचारलेल्या अशा प्रश्नाला कोणताही अब्रूदार माणूस दुसरे उत्तर देणार नाही. म्हणून अशा रुग्णाला खोटारडा म्हणणे मला पटत नाही.

ही एक ओळ चुकली तर काय होते, ते हाडांच्या वॉर्डात फार स्पष्ट दिसते. दुचाकीवरून पडून मांडीचे हाड मोडलेला पन्नाशीचा माणूस संध्याकाळी भरती होतो. केस पेपरवर दारूची नोंद नसते. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, दरदरून घाम येतो, नाडी वाढलेली असते. हे सगळे वेदनेमुळे असेल असे समजून वेदनाशामक इंजेक्शन दिले जाते. तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या, कोणालाच न दिसणाऱ्या मुंग्या वेचू लागतो, सलाईन उपसून काढतो, ट्रॅक्शन लावलेला पाय ओढत कॉटवरून खाली उतरू पाहतो. ट्रॅक्टर चालवणारा असा एक रुग्ण हाताने स्टिअरिंग फिरवत वॉर्डातल्या मामांना ‘ट्रॉली मागं घे’ म्हणून ओरडत होता, तो प्रसंग मी जवळून पाहिला आहे. नातेवाईक घाबरून जातात. कोणी म्हणते भुलीचे इंजेक्शन डोक्यात गेले, कोणी म्हणते बाहेरचे काही लागले, आणि मग लिंबू-अंगारा उशाखाली येतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद झाली की सहा-आठ तासांनंतर कंप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान हा भ्रम होतो. उपचार मिळाले नाहीत तर त्यात मृत्यूही ओढवतो. आधी माहीत असेल तर लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधे आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, वेळेवर सुरू करून हा सगळा प्रकार बहुतेक वेळा टाळता येतो. ही औषधे महागडी किंवा दुर्मीळ मुळीच नाहीत. कमी पडते ती माहिती, आणि ती माहिती भरतीच्या वेळी कॉटशेजारी उभ्या असलेल्या घरच्या माणसांना पक्की ठाऊक असते.

त्या रात्री मुलाला व्हरांड्यात बाजूला नेऊन ‘बाबा रोज किती घेतात? शेवटची कधी घेतली?’ असे हळू आवाजात विचारले की उत्तर लगेच मिळते: ‘सिस्टर, सकाळी उठल्यावर एक नाइंटी लागतेच, संध्याकाळी एक क्वार्टर. पडले त्या दिवशीही घेतली होती. पण डॉक्टरांपुढं कसं सांगायचं?’ ही माहिती तीन दिवस आधी मिळू शकली असती. ती न मिळाल्याचा दोष मी त्या मुलाला देत नाही, कारण त्याला तोपर्यंत कोणी एकट्याला गाठून विचारलेच नव्हते.

शस्त्रक्रियेच्या रुग्णांपुरती ही गोष्ट मर्यादित नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा माणूस उपाशीपोटी दारू प्याला, तर यकृताचे रक्तात साखर सोडण्याचे काम मंदावते आणि रात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बोलणे अडखळते, घाम येतो, तोल जातो. घरच्यांना वाटते ‘जास्त झाली आहे, झोपू दे’, आणि ज्या वेळी साखरपाणी द्यायचे किंवा शुद्ध हरपली असेल तर तातडीने दवाखाना गाठायचा, त्या वेळी त्याच्या अंगावर पांघरूण घातले जाते. रक्तदाबाच्या रुग्णाला एका गोळीने गुण येत नाही म्हणून दुसरी, मग तिसरी गोळी वाढवली जाते; रोजच्या पिण्यामुळे रक्तदाब चढा राहतो आहे, ही शक्यता कोणाच्या ध्यानीही येत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांचा एकत्र परिणाम श्वासावर होतो, वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांमुळे जठरातून रक्तस्राव होऊ शकतो.

क्षयरोगाच्या औषधांबाबत तर मला वेगळीच काळजी वाटते. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या औषधांचा यकृतावर ताण येतो आणि दारूने तो वाढतो, म्हणून रुग्णाला ‘गोळ्या चालू आहेत तोवर दारूला हात लावायचा नाही’ असे बजावले जाते. सूचना योग्य आहे. पण सवय असलेला माणूस तिचा अर्थ असा लावतो की, ज्या दिवशी प्यायची त्या दिवशी गोळी घ्यायची नाही. असे खाडे पडत जातात, आजार हटत नाही आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगाचा धोका उभा राहतो. हे सर्व केवळ एवढ्यासाठी की, ‘सुटत नसेल तर आम्हाला सांगा, गोळी मात्र चुकवू नका, आपण यकृताची तपासणी करत राहू’ हे पुढचे वाक्य कोणी बोलत नाही.

‘किती घेता?’ हे विचारण्याचीही एक रीत आहे. ‘थोडीफार’, ‘लिमिटमध्ये’, ‘दोनच पेग’ या उत्तरांतून वैद्यकीयदृष्ट्या काहीच कळत नाही, कारण एकाचा पेग तीस मिलिलिटरचा असतो आणि दुसऱ्याचा अर्ध्या ग्लासाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापनपद्धतीत एक प्रमाण पेय म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम सर्वसाधारणपणे ४२.८ टक्के तीव्रतेची असते. तिच्या तीस मिलिलिटरमध्ये जवळजवळ तेवढेच अल्कोहोल येते. या हिशेबाने १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा प्रमाण पेये झाली. ‘मी दारू घेत नाही, फक्त बिअर घेतो’ असे म्हणणारे पुष्कळ तरुण भेटतात; आठ टक्के तीव्रतेच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत चार पेगांइतके अल्कोहोल असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ताडी, मोहाची, हातभट्टी, गोव्यातली फेणी किंवा उन्हाळ्यातला हुर्राक यांची नावे घेऊन विचारले नाही तर त्यांचा उल्लेखही होत नाही, कारण घेणारा त्यांना दारूत धरतच नाही. म्हणून बाटलीचा आकार, ग्लासाचे माप आणि आठवड्यातले दिवस यांची चौकशी करायला हवी. दोन मिनिटांत होणारे हे काम आहे आणि त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तयार केली. ४० पैकी ८ किंवा अधिक गुण आल्यास पिणे धोक्याच्या पातळीवर गेले आहे असे मानतात. तिच्यातले पहिले तीन प्रश्न केवळ किती वेळा, किती आणि एका बैठकीत फार जास्त होते का, एवढेच विचारतात. हे तीन प्रश्न तरी प्रत्येक प्रौढ रुग्णाला विचारले जावेत. याउलट आपल्या आशाताई ३० वर्षांवरील लोकांची असंसर्गजन्य आजारांसाठी जी यादी भरतात, तिच्यात ‘रोज मद्यपान करता का?’ एवढाच प्रश्न आहे. फक्त शनिवार-रविवारी बसून एकेक खंबा रिकामा करणारा माणूस या प्रश्नाला ‘नाही’ असे अगदी खरे उत्तर देतो आणि त्याच्यापुढे शून्य गुण मांडला जातो. शिवाय हा प्रश्न आशाताईंना घराच्या अंगणात, सासू-सुनांच्या आणि शेजाऱ्यांच्या देखत विचारावा लागतो. त्या बिचाऱ्या गावातल्याच असतात. उद्या त्याच घरी त्यांना लसीकरणासाठी जायचे असते.

रुग्ण खरे न सांगण्यामागे अब्रूइतकेच मोठे दुसरे कारण आहे आणि त्याची चर्चा व्हायला हवी. ते म्हणजे कागदाची भीती. आरोग्य विम्याच्या पॉलिसींत विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अपवादांपैकी बारावा अपवाद मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन आणि त्यांच्या परिणामांवरील उपचारांचा आहे. त्यामुळे खासगी रुग्णालयात भरती होताना अनुभवी नातेवाईक आधीच विनवतात, ‘मॅडम, पेपरवर दारूचं काही लिहू नका, क्लेम अडकेल.’ केस पेपरवर घाईत लिहिलेली ‘जुना मद्यपी’ अशी एक ओळ पुढे स्वादुपिंडाच्या किंवा यकृताच्याच नव्हे, तर दारूशी दूरान्वयानेही संबंध नसलेल्या आजाराच्या दाव्यातही शंका काढायला निमित्त ठरते. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्यपानाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारांत समावेश केला आहे आणि मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण मिळावे असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. कायदा एक सांगतो आणि पॉलिसीतला अपवाद दुसरेच सांगतो; रुग्ण मात्र या दोहोंच्या मध्ये आपले तोंड बंद ठेवतो. नियामक प्राधिकरणाने ही विसंगती दूर करावी, ही माझी पहिली मागणी आहे.

आपल्या राज्यात कायद्याचीही एक भीती आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो ‘आरोग्य राखण्यासाठी’ म्हणून दिला जातो. हा परवाना बहुतेकांकडे नसतो, त्यामुळे सरकारी रुग्णालयात ‘मी पितो’ असे सांगणे म्हणजे गुन्हा कबूल करणे आहे की काय, असे साध्या माणसाला वाटते. अपघाताच्या रुग्णांत, जिथे पोलिसांकडे नोंद जाते, तिथे ही भीती अधिकच असते. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांतल्या रुग्णाला ती किती वाटत असेल याची कल्पना करता येईल. २०१५ ते २०२१ या काळात चंद्रपूरही त्यांत होते. मी दारूबंदीच्या विरोधात लिहीत नाही. गावातल्या बायकांनी किती सोसून हे लढे दिले, याची मला जाणीव आहे. उपचारासाठी सांगितलेली माहिती उपचारापुरतीच राहील, अशी हमी रुग्णाला मिळावी एवढेच माझे म्हणणे आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार न्यायालयाचा आदेश, इतरांना असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले आजार असे अपवाद वगळता रुग्णाची गुपिते उघड करण्यास डॉक्टरांना मनाई आहे. हा नियम रुग्णांना माहीत नसतो. तो ओपीडीच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लावायला काय हरकत आहे?

डॉक्टरांची अडचण मला समजते. शंभर-दीडशे रुग्णांच्या ओपीडीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटेच मिळतात. शिवाय उत्तर ‘हो, रोज घेतो’ असे आले तर पुढे काय करायचे, हे अनेकांना ठाऊक नसते, कारण जवळपास समुपदेशक नसतो. काही डॉक्टर मग रागावतात. ‘मरायचंय का? बायकामुलांचा विचार करा जरा,’ असे सर्वांदेखत सुनावतात. त्यामागे तळमळ असते हे मला माहीत आहे, तरीही त्याचा परिणाम उलटाच होतो. तो रुग्ण पुढच्या वेळी एक तर खोटे सांगतो किंवा येतच नाही. मी ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांच्यात एक सर्जन असे होते की, ते नातेवाईकांना बाहेर बसवत, स्वतः खुर्चीवर बसत आणि म्हणत, ‘भूल देण्याआधी मला हे माहीत असायलाच हवं, म्हणून मी सगळ्यांनाच विचारतो. दिवसाला साधारण किती लागते?’ ‘सगळ्यांनाच’ म्हटल्याने माणसाचा संकोच जाई आणि ‘किती लागते’ म्हटल्याने नाकारण्याची गरज उरत नसे. त्यांच्या रुग्णांत तिसऱ्या रात्रीचे ते प्रकार फार कमी घडत, कारण औषध आधीच सुरू झालेले असे.

डॉक्टरांना वेळ नसेल तर हे काम दुसरे कोणी करू शकते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली, तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत. धोकादायक पातळीवर पिणारे ३७७ पुरुष तिच्यात होते. त्यांच्यापैकी निम्म्यांशी डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद साधला. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जण धोक्याच्या पातळीखाली आले होते. ज्यांना नेहमीचीच थोडी सुधारित सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होते. हा फरक कोणाला लहान वाटेल. मला तो वाटत नाही, कारण तो कोणत्याही औषधाविना, चार बैठकांच्या बोलण्यातून पडला आहे. आणि त्या चाचणीची सुरुवातच मुळी आरोग्य केंद्रात दुसऱ्याच कारणासाठी आलेल्या पुरुषांना दारूबद्दल नीट विचारण्यापासून झाली होती. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाने कोणते ना कोणते उपचार मिळाल्याचे सांगितले होते. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती संस्था १९८६ पासून मोलाचे काम करत आहेत, पण तिथपर्यंत माणूस पोहोचतो तोवर नोकरी गेलेली असते आणि संसाराची वाताहत झालेली असते. त्याच्या कितीतरी आधी तो खोकल्यासाठी, ॲसिडिटीसाठी, झोप लागत नाही म्हणून जवळच्या दवाखान्यात येऊन गेलेला असतो.

स्त्रियांना तर हा प्रश्न विचारलाच जात नाही. शहरातल्या नोकरदार मुलीला विचारले तर तिला अपमान वाटेल असे डॉक्टरांना वाटते, आणि विटभट्टीवरच्या किंवा पाड्यावरच्या बाईला विचारायचे कोणाला सुचत नाही. गरोदरपणाच्या तपासणीत तरी तो विचारला गेला पाहिजे.

वैद्यकीय शिक्षणात २०१९ पासून संवाद आणि नीतिमत्तेचा स्वतंत्र भाग आला आहे, ही समाधानाची बाब आहे. त्यात दारूविषयीचे संभाषण प्रत्यक्ष सरावासह शिकवावे आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणातही ते यावे. भरतीच्या कागदावर ‘व्यसन: आहे / नाही’ या रकान्याऐवजी ‘काय, किती, आठवड्यातून किती दिवस, शेवटची केव्हा’ असे चार रकाने छापावेत. छपाईचा खर्च तेवढाच येईल. ‘जुना मद्यपी’ असा शिक्का मारण्यापेक्षा ‘व्हिस्की १८० मिलि, रोज, शेवटची काल रात्री ९ वाजता’ अशी नोंद रात्रपाळीच्या सिस्टरला शतपटीने उपयोगी पडते. आणि ही चौकशी नातेवाईकांपासून दूर, पडद्याआड का होईना, पण स्वतंत्रपणे व्हावी.

शेवटी एक विनंती थेट आपणास. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा छोट्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे छापून येत आहेत. जेवणात कालवून दिलेल्या अशा पुड्यांमध्ये काय आहे, हे देणाऱ्या बाईलाही माहीत नसते. त्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर तो माणूस नेहमीप्रमाणे प्याला, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम उतरणे असे होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. मग त्याला इस्पितळात आणले जाते तेव्हा तो दारूबद्दल सांगत नाही आणि बायको पुडीबद्दल सांगत नाही. डायसल्फिराम हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि त्याच्या संमतीनेच द्यायचे औषध आहे. आपल्या दैनिकाने या जाहिराती घेणे थांबवावे आणि त्या जागी टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य सरकारी क्रमांक छापावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सांगली जिल्हा